न झालेल्या लढाईचा दोष कुणाचा?

विकिपीडियाचा विषय निघाला की आपल्याकडच्या जाणत्या मंडळींमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘तिथे काय, कुणीही काहीही लिहितं.’ चर्चासत्राचे अध्यक्ष ते म्हणतात, पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणतात, वृत्तपत्राच्या कचेरीतले ज्येष्ठ उपसंपादक नवख्या वार्ताहराला हेच सुनावतात. एवढं म्हटलं की विषय संपला असं मानलं जातं. तो इतक्यात संपू नये, म्हणून हा लेख. ‘कुणीही लिहितं’ ही वस्तुस्थिती आहे. ‘म्हणून आपण तिकडे फिरकू नये’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सपशेल चुकीचा आहे, आणि त्याची किंमत गेली वीस-बावीस वर्षं मराठी भाषा मोजते आहे.

आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचं सर्वांत भक्कम उदाहरण मीच आधी मांडतो. ते आपल्या अंगणातलं आहे. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘बिचोलिम कॉन्फ्लिक्ट’ नावाची नोंद आली. गोव्यातल्या आपल्या डिचोलीच्या परिसरात १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झालं आणि ते तहाने मिटलं, अशी ती हकिगत. नोंद चार ओळींची नव्हती. सुमारे साडेचार हजार शब्द, ठिकठिकाणी तळटिपा, ग्रंथांची नावं, सगळा जामानिमा होता. सप्टेंबर २००७ मध्ये तिला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. इंग्रजी विकिपीडियावरच्या फार थोड्या नोंदींच्या वाट्याला तो येतो. डिसेंबर २०१२ च्या अखेरीस ती नोंद काढून टाकण्यात आली, कारण अशी लढाई कधी झालीच नव्हती. मुख्य आधार म्हणून दिलेली पुस्तकं शोधूनही कुठे सापडेनात. कुणीतरी बसून एक अख्खं युद्ध रचलं होतं आणि ते पाच वर्षांहून अधिक काळ जगाच्या ज्ञानकोशात इतिहास म्हणून उभं होतं.

हे उदाहरण ऐकवून लोक थांबतात. मला तिथून पुढे जायचं आहे. १६४० हे साल पुन्हा वाचा. त्या वर्षी शिवाजी महाराज जेमतेम दहा वर्षांचे होते. स्वराज्याची स्थापना व्हायची होती. निजामशाही १६३६ मध्ये बुडाली होती आणि शहाजीराजे आदिलशाहीत रुजू झाले होते. खुद्द डिचोली विजापूरच्या अमलाखाली होती. मग पोर्तुगीजांशी लढणारं ‘मराठा साम्राज्य’ आलं कुठून? हा प्रश्न विचारायला इतिहासाचा पंडित लागत नाही. आपल्याकडे चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकवतात. ते नीट वाचलेल्या मुलालाही तो पडला असता. मराठे आणि पोर्तुगीज यांचा खरा संघर्ष आपल्याला चांगला ठाऊक आहे. १६६७ ची बारदेशवरची चढाई, १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्याच्या व्हाइसरॉयला जेरीस आणणं, १७३९ ची वसई, हे सगळं लिहिलेलं आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरखान्यात आयुष्य घालवून ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ सिद्ध केला. पुण्या-मुंबईच्या आणि पणजीच्या ग्रंथालयांत त्याच्या प्रती आहेत. त्यातली काही पानं उलटली असती तरी हे कल्पित युद्ध एका दुपारी निकालात निघालं असतं.

पाच वर्षांत ती पानं कुणी उलटली नाहीत. थाप मारणारा दोषी आहेच. ‘चांगला लेख’ हा दर्जा देणाराही दोषी आहे. तो दर्जा एकटा परीक्षक देऊ शकतो आणि त्याला त्या विषयाची जाण असावी असं बंधन नसतं. पण ज्या समाजाच्या इतिहासात हे घुसडलं गेलं, त्या समाजातले हजारो पदवीधर, शेकडो प्राध्यापक, इतिहासाच्या नावाने चालणाऱ्या संस्था यांच्यापैकी कुणीही तिथे ‘हे खोटं आहे’ असं पाच वर्षं लिहिलं नाही. अखेर ती थाप उघडी पाडली एका स्वयंसेवकाने. संदर्भग्रंथ खरे आहेत का, हे त्याने एकेक करून पडताळून पाहिलं, आणि सगळा डोलारा कोसळला. ‘कुणीही लिहू शकतं’ या दारातून ती थाप आत आली आणि त्याच दारातून ती हाकलली गेली. त्या दारात आपण उभे नव्हतो, हा या प्रकरणातला आपला वाटा आहे.

यावर उत्तर येतं : छापील कोशात असं झालंच नसतं. झालं आहे. अमेरिकेत १८८७ ते १८८९ या काळात ‘ॲपल्टन्स सायक्लोपीडिया ऑफ अमेरिकन बायोग्राफी’ हा सहा खंडांचा प्रतिष्ठित चरित्रकोश निघाला. त्यात कधी जन्मालाच न आलेल्या माणसांची चरित्रं होती. त्यांचे प्रवास, त्यांचे ग्रंथ, सगळं कल्पित. जॉन बार्नहार्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्यांतल्या काही नोंदींचं बिंग फोडलं, तोवर तीस वर्षं उलटली होती. पुढे अशा आणखी कितीतरी नोंदी सापडल्या. ग्रंथालयांच्या फळ्यांवर बसलेले ते खंड दुरुस्त करण्याचा काहीही मार्ग नव्हता. वाचकाला समासात पेन्सिलीने खूण करता आली असती, तीही ग्रंथपालाची नजर चुकवून.

अचूकतेची मोजणीही झालेली आहे. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने डिसेंबर २००५ मध्ये विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांतल्या विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांना दाखवल्या. कोणती नोंद कुठली हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. विकिपीडियात १६२ लहानमोठ्या चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. गंभीर चुका दोन्हींकडे चार-चार. ब्रिटानिकाने या पाहणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला, ‘नेचर’ने माघार घेतली नाही. या आकड्यांवरून विकिपीडिया निर्दोष ठरत नाही, पण ‘काहीही’ लिहिलेल्या ठिकाणी इतकी अचूकता कशी आली, हे आक्षेपकांनी सांगायला हवं.

ती कशी येते, हे मी सांगतो, कारण आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नोंदीच्या वरचा ‘इतिहास’ हा दुवा कधी उघडलेलाच नसतो. प्रत्येक बदल तिथे तारीख-वेळेसकट जपलेला असतो. कोणतं वाक्य कुणी कधी घातलं, कुणी काढलं, का काढलं, हे वाचता येतं आणि एका टिचकीत जुनी आवृत्ती परत आणता येते. शेजारी चर्चा पान असतं. ‘अलीकडील बदल’ या यादीवर नजर ठेवून बसलेली माणसं असतात. वादग्रस्त पानांवर नवख्यांना संपादन करता येत नाही. आधार नसलेल्या विधानापुढे ‘संदर्भ हवा’ असा शिक्का बसतो. आपल्याकडच्या किती छापील चरित्रग्रंथांवर, गौरवग्रंथांवर असा शिक्का मारायची आपली तयारी आहे? मार्च २००९ मध्ये फ्रेंच संगीतकार मॉरिस जार वारले, तेव्हा डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या नावावर एक बनावट उद्गार विकिपीडियावर टाकला. संदर्भ नाही म्हणून तिथल्या स्वयंसेवकांनी तो लगेच काढला. पण तेवढ्या वेळात तो उचलून ‘गार्डियन’सह अनेक वृत्तपत्रांनी मृत्युलेखात छापला होता. या प्रसंगात पडताळणीचं काम कुणी केलं आणि कुणी टाळलं, ते उघड आहे.

मी विकिपीडियाची वकिली करतो आहे असं वाटत असेल, तर आता त्याच्या खऱ्या अपयशांकडे येतो. ती डिचोलीपेक्षा भयंकर आहेत. क्रोएशियन भाषेतला विकिपीडिया जवळपास दशकभर कडव्या उजव्या विचारांच्या मोजक्या प्रचालकांच्या ताब्यात होता. दुसऱ्या महायुद्धात यासेनोव्हात्सच्या छळछावणीत झालेल्या कत्तलींचं गांभीर्य तिथे पुसट केलं जात होतं, आणि विरोध करणाऱ्या संपादकांना बाहेरचा रस्ता दाखवला जात होता. २०१३ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो वापरू नका असं जाहीरपणे सांगितलं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा चौकशी अहवाल यायला २०२१ उजाडलं. स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेची कथा वेगळी. ही भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने शब्दकोश हाताशी धरून तिच्यात वीस हजारांहून अधिक नोंदी लिहिल्या. इंग्रजी वाक्यांत अधूनमधून स्कॉट्स शब्द पेरले, एवढंच. ऑगस्ट २०२० मध्ये हे बाहेर आलं, तोवर जगाने तीच स्कॉट्स समजून वाचली होती आणि ‘ही काय भाषा, ही तर बिघडलेली इंग्रजी’ असं म्हणायला टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं होतं. ग्रीनलँडच्या भाषेचं तर २०२५ मध्ये इथवर आलं की तिथला विकिपीडिया बंद करण्याचाच निर्णय झाला. भाषा न जाणणाऱ्यांनी यंत्राकडून भाषांतरं करून ती तिथे ओतली होती.

ही तिन्ही उदाहरणं एकत्र ठेवून पाहावीत. यांतलं एकही अपयश गर्दीमुळे आलेलं नाही. क्रोएशियन विकिपीडिया बुडाला तो मूठभरांच्या हाती गेला म्हणून, स्कॉट्सचा बुडाला तो एकट्याच्या हाती गेला म्हणून, आणि ग्रीनलँडचा बुडाला तो तिथल्या भाषकांच्या हाती कधी आलाच नाही म्हणून. ज्या पानावर शेकडो डोळे असतात, तिथे चूक टिकायला जागा मिळत नाही. जिथे कुणी फिरकत नाही, तिथे ती मुक्कामाला राहते. लोकसंपादित कोशाची विश्वासार्हता ही त्या भाषेच्या लोकांनी किती लक्ष घातलं, यावर ठरते. म्हणून ‘विकिपीडिया विश्वासार्ह आहे का?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. इंग्रजीतली मलेरियावरची नोंद आणि मराठीतली आपल्या तालुक्यावरची नोंद यांच्या भरवशात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. महाराष्ट्रदिनाचा मुहूर्त साधला. आज त्यातल्या नोंदींची संख्या लाखाच्या आसपास आहे, आणि भाषणांत हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. पण आकड्याला भुलू नये. फिलिपाइन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात साठ लाखांच्या घरात नोंदी आहेत. बहुतेक एका सांगकाम्या प्रणालीने आपोआप तयार केलेल्या. आपल्याकडेही हजारो गावांच्या नोंदी एकाच साच्यातून काढलेल्या दिसतात. अमुक जिल्ह्यातल्या अमुक तालुक्यातलं गाव, मग हवामानाचा तोच परिच्छेद, की नोंद संपली. गावात कोणतं देऊळ आहे, यात्रा केव्हा भरते, बाजार कुठल्या वारी असतो, धरणात गेलेली वाडी कोणती, यातलं काही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाखांच्या आसपास. त्यांच्यासाठी नेमाने लिहिणारे, ‘चावडी’ या चर्चेच्या पानावर वाद घालणारे, उपद्रवी बदल परतवणारे स्वयंसेवक अगदी थोडे. त्यांपैकी अनेकांचं नावही आपल्याला ठाऊक नाही. टोपणनावाने, बिनमोल, नोकरी सांभाळून, रात्री जागून ते हे काम करतात. त्यांनी केलेल्या चुकांवर बोट ठेवण्याआधी त्यांच्या शेजारी बसून काम करणारे प्राध्यापक किती, लेखक किती, पत्रकार किती, हे मोजायला हवं. ती संख्या लाज वाटावी इतकी कमी आहे.

‘आम्ही वापरतच नाही, मग आमचा काय संबंध?’ असं काही जण म्हणतात. वापरत नाही, हे म्हणणं आता शक्यच राहिलेलं नाही. आयर्लंडमधलं मेनूथ विद्यापीठ आणि अमेरिकेतली एमआयटी यांच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आयरिश सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर त्यांनी दीडशेहून अधिक विकिपीडिया नोंदी तयार करवल्या. त्यांतल्या निम्म्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून, प्रकाशित केल्या आणि निम्म्या हातच्या राखल्या. ज्या निकालांच्या नोंदी प्रकाशित झाल्या, त्यांचा नंतरच्या न्यायनिर्णयांत आधार घेतला जाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक वाढलं. म्हणजे न्यायाधीशांच्या युक्तिवादापर्यंत या कोशाची पोच आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही जानेवारी २०२३ मध्ये एका सीमाशुल्काच्या प्रकरणात सांगावं लागलं की असे स्रोत ज्ञानाचं भांडार असले तरी पूर्णपणे भरवशाचे नाहीत, आणि न्यायालयांनी व प्राधिकरणांनी ते जपून वापरावेत. न्यायालयाची सूचना योग्यच आहे. पण ती द्यावी लागली, कारण वापर सर्रास चालू होता.

आता तर वाचकाला विकिपीडियाच्या पानापर्यंत जावंही लागत नाही. मोबाइलला प्रश्न विचारला की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रणा उत्तर देते, आणि या यंत्रणा ज्या मजकुरावर घडवल्या जातात त्यात विकिपीडिया असतोच. मोकळेपणाने वापरता येईल असा नेटका मराठी मजकूर इंटरनेटवर आधीच थोडा. त्यामुळे मराठी नोंदीतल्या प्रत्येक चुकीचं आणि प्रत्येक उणिवेचं वजन वाढतं. सातारच्या मुलीने उद्या यंत्राला मराठीत काही विचारलं, तर तिला मिळणाऱ्या उत्तरात आपण न लिहिलेल्या नोंदींची पोकळी असेल. ती पोकळी इंग्रजीतून उचललेल्या आणि ओबडधोबड भाषांतर केलेल्या मजकुराने भरून निघेल. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या दर्जाला शोभेल असं काही या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या कोशात नसेल, तर तो आनंद टिकणार कशावर?

तज्ज्ञांनी लिहिलेला कोश हाच खरा, हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण आपली कोशपरंपरा मलाही पूजनीय आहे. वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा जो पाया घातला, तो सरकारी आश्रयाखाली झालेल्या ज्ञानकार्याचा भारतातला एक उत्तम नमुना आहे. त्या नोंदींची भाषा, परिभाषा घडवण्याची शिस्त, विषयाची मांडणी आजही शिकण्यासारखी आहे. पण पहिला खंड १९७६ चा आणि विसावा पूर्ण झाला २०१५ मध्ये. दरम्यान सोव्हिएत संघ उरला नाही, मुंबईचं अधिकृत नाव बदललं, संगणक खिशात आला, आणि प्रकल्पाची मुहूर्तमेढ रोवणारे तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले. हा विश्वकोश मंडळातल्या कुणाचा दोष नाही. छापील कोशाची चालच ती आहे. आता विश्वकोश संकेतस्थळावर सर्वांना मोफत वाचता येतो आणि नोंदी अद्ययावत करण्यासाठी ज्ञानमंडळंही नेमली गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र तज्ज्ञांच्या सवडीवर अवलंबून असलेल्या कामाचा वेग किती असतो, हे विकिपीडियाच्या संस्थापकांनीही पाहिलं होतं. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी आधी २००० मध्ये ‘न्यूपीडिया’ काढला होता. तज्ज्ञ लेखक, सात टप्प्यांची तपासणी. तो २००३ मध्ये बंद पडला, तोवर पुऱ्या झालेल्या नोंदी दोन डझनांच्या आसपास होत्या. जानेवारी २००१ मध्ये त्याला पूरक म्हणून सुरू केलेला विकिपीडिया तोवर कितीतरी पुढे निघून गेला होता.

शिवाय आपल्या परंपरेतच याहून जुना आणि याहून धीट आदर्श आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले ते कुणा राजाच्या किंवा सरकारच्या जिवावर नव्हे. कंपनी स्थापून, भाग विकून, गावोगाव हिंडून, वर्गणीदार जमवून. कॉर्नेलमधून डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस ज्ञानकोश सर्वसामान्य मराठी वाचकाच्या पैशावर उभा राहील असं मानत होता, आणि तो त्याने उभा करून दाखवला. पुढे त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ लिहून कोश कसा झाला, अडचणी काय आल्या, वाद कुठले झाले, हे लोकांपुढे मांडलं. ज्ञान तयार कसं होतं हे वाचकाला दिसलं पाहिजे, हा आग्रह त्यामागे होता. नोंदीच्या ‘इतिहास’ पानामागेही हाच आग्रह आहे. केतकरांचं नाव घेऊन जो विकिपीडियाकडे पाठ फिरवतो, त्याला केतकर समजलेले नाहीत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये घडलेल्या गोष्टीबद्दल मात्र मी अधिक कठोर बोलणार आहे. संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ चित्रपट झळकल्यानंतर इंग्रजी विकिपीडियावरच्या त्यांच्या नोंदीतला काही मजकूर आक्षेपार्ह असल्याची ओरड झाली. राज्याच्या सायबर पोलिसांनी विकिमीडिया फाउंडेशनला तो काढण्यासाठी नोटीस धाडली आणि काही संपादकांवर गुन्हा दाखल केला. लोकांच्या भावना मी समजू शकतो. संभाजी महाराजांवर जुन्या बखरींनी आणि नाटकांनी पिढ्यान्‌पिढ्या अन्याय केला, हे खरंच आहे. पण तो अन्याय धुऊन कुणी काढला? वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षं कागदपत्रं जमवून, पारखून संभाजी महाराजांचं चरित्र लिहिलं. कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहून ते काम पुढे नेलं. फौजदार न पाठवता त्यांनी मराठी मनातली प्रतिमा बदलली. मग त्यांच्या ग्रंथांतले निष्कर्ष, पृष्ठांकांसह, त्या इंग्रजी नोंदीत का नव्हते? विकिपीडियाला कोणत्याही भाषेतला संदर्भ चालतो, मराठीही चालतो. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या हाताशी इंग्रजी पुस्तकंच असतात. मराठी संशोधन तिथे पोचवणं हे मराठी जाणणाऱ्यांचं काम होतं. ते केलं असतं तर नोंद दुरुस्त झाली असती आणि टिकली असती. गुन्हा दाखल करून जे साधलं ते एवढंच, की बेंद्र्यांचा संदर्भ घालू शकेल असा एखादा तरुण अभ्यासक आता शिवकाळाच्या पानाला हात लावायला बिचकेल. मैदान रिकामं झालं की तिथे कोण शिरतं, ते क्रोएशियात दिसलेलं आहे.

या कोशाच्या नियमांशी माझं भांडण नाही असंही नाही. प्रकाशित, प्रतिष्ठित संदर्भ असल्याशिवाय नोंद टिकत नाही, हा नियम थापांना रोखतो, आणि ज्यांच्याबद्दल कुणी छापलंच नाही त्यांनाही रोखतो. डोना स्ट्रिकलंड यांना २ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्यांच्यावर विकिपीडियात नोंद नव्हती; काही महिने आधी पाठवलेला मसुदा संदर्भ अपुरे म्हणून परत गेला होता. नोबेलच्या उंबरठ्यावरच्या शास्त्रज्ञ बाईंची ही गत, तर तमाशाच्या फडातल्या वगसम्राटाची, जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ असलेल्या आजीची, सत्तरच्या दशकात दलित वस्त्यांतून निघालेल्या पत्रकांच्या लेखकाची काय होणार? संशोधक अचल प्रभाला यांनी २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत तोंडी साक्षींना संदर्भ मानण्याचा प्रयोग करून पाहिला. तो नियमात बसला नाही. ही भिंत खरी आहे. पण तिचा अर्धा भाग आपण बांधलेला आहे. आपल्या विद्यापीठांनी लोककलांवर, वस्त्यांच्या इतिहासावर, स्त्रियांच्या कामावर प्रबंध लिहवून घेतले आणि कपाटात ठेवले. लघुनियतकालिकांचे अंक कुठे कुजले कुणास ठाऊक. ते छापले, नीट सूची करून खुले केले, तर संदर्भ तयार होतो आणि नोंदही उभी राहते.

हे होऊ शकतं, हे आपल्या शेजाऱ्यांनी दाखवलं. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली सर्वांना वापरायला दिला. दोन वर्षांनी कोंकणीचा स्वतंत्र विकिपीडिया उभा राहिला. अनेक लिप्यांत विभागलेल्या, संख्येने लहान भाषेला हे जमलं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी, साहित्यसंस्थांनी, इतिहासमंडळांनी आपापली जुनी, आता विक्रीत नसलेली प्रकाशनं अशीच खुली करावीत. केतकर १९३७ मध्ये गेले, त्यांच्या लेखनावर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही. त्यातला आजही टिकणारा भाग, जुना झालेला भाग वगळून, विकिपीडियात आणता येतो. प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या गुणांत, दोनशे माणसंही वाचत नाहीत अशा नियतकालिकातल्या निबंधाला जागा असते. हजारो विद्यार्थी वाचतील अशा नोंदीला नसते. हा नियम विद्यापीठांनी बदलावा. विकिपीडियावरून उतरवलेला प्रकल्प विद्यार्थ्याकडून स्वीकारण्याऐवजी त्याला एक नोंद संदर्भासह दुरुस्त करायला सांगावी. खोटा संदर्भ कसा ओळखायचा, हे तो त्यातून जितकं शिकेल तितकं दहा व्याख्यानांतून शिकणार नाही.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी. आपल्या तालुक्याची, आपल्या गावच्या नदीची, आपल्या आवडत्या लेखकाची मराठी विकिपीडियावरची नोंद उघडा. चूक दिसली तर ‘संपादन’वर टिचकी मारा, बदल करा आणि तो कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरून केला ते लिहा. सराव हवा असेल तर धूळपाटी आहे, अडलं तर चावडीवर विचारा. पुस्तक घरी नसेल तर जिल्हा ग्रंथालयात मिळेल.